त्या रात्री घरात कोण झोपलं होतं

लिफ्टचं दार उघडलं आणि वास आला. म्हणजे जून लागला. सिंगापुरात पावसावर भरवसा ठेवून महिना ओळखता येत नाही. तो वर्षभर मनाला येईल तेव्हा येतो, तासभर बदाबदा कोसळतो आणि जातो. थंडी नाही, पानगळ नाही. इथला ऋतू ओळखायचा तो नाकाने. आमच्या ब्लॉकच्या खाली कोपऱ्यावर डुरियनवाला टेबलं मांडतो, प्लॅस्टिकचे हातमोजे ठेवतो, आणि चांगली शिकली-सवरलेली माणसं उभ्याउभ्या त्या पिवळ्या गरात बोटं घालून डोळे मिटून खातात. फणसाचा चुलतभाऊ आहे गं, असं माझा मुलगा निखिल म्हणतो. असेल. पण फणसाला काही लाजलज्जा आहे. हे फळ घरात यायच्या आधी त्याची वर्दी येते, आणि खाऊन संपलं तरी दोन दिवस ते घरातच असतं.

हा वास आला की मला माझी विहीण आठवते. आणि विहीण आठवली की माझ्या पोटात दुखायला लागतं. सरळच सांगते, या वयात आता आडपडदा कशाला ठेवायचा.

मी पुण्याची. हे गेल्यापासून दर उन्हाळ्यात मुलाकडे येते, सेंगकांगला. निखिलची बायको हेलन, ती इंग्लंडची. मुलगी गुणी आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांची एकुलती एक इरा. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीत येतं, तेही इथल्या शाळेतल्या इंग्रजीत, शेवटी ‘लाह’ लावून. तरी मी ते ऐकून घ्यायची, कारण उन्हाळ्याचे ते महिने इरा माझी असायची. शाळेतून आली की माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, माझ्या हातचा दहीभात. मग तीन वर्षांपूर्वी, जूनच्या सुट्टीत, हेलनची आई आली. जिल तिचं नाव. उंच, हाडकुळी, पांढरे केस मुलासारखे कापलेले. दारातून आत आली आणि मला नावाने हाक मारली. विहिणीला नावाने! आमच्याकडे विहिणीचं पान आधी वाढतात, तिचा रुसवा काढायला दोन माणसं लागतात, आणि ही आल्याआल्या पायातले बूट काढून म्हणाली की सुनंदा, इथे कुठे डुरियन मिळतं का.

तिने ते खाल्लं आणि तिला आवडलं. इरालाही तिने त्याची चटक लावली. मी दार लावून खोलीत बसले.

पण खरं दुखणं डुरियनचं नव्हतं. जिलने सोबत एक लॅपटॉप आणला होता आणि त्यात तिची सगळी मेलेली माणसं होती. निवृत्त झाल्यापासून तिला हाच नाद. इंग्लंडात म्हणे दर दहा वर्षांनी शिरगणती व्हायची, आणि एकेका घराचा तो कागद त्यांनी जपून ठेवलाय. कुठलं घर, त्यात कोण कोण, घरातल्या मोठ्या माणसाशी नातं काय, वय किती, धंदा काय, जन्म कुठल्या गावचा. तिरक्या, बारीक, शाई पसरलेल्या अक्षरात. जिल आणि इरा दोघी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकवून बसायच्या आणि ते अक्षर लावत राहायच्या. हे धोबीण की दाई? हा सात आहे की एक? खिडकीबाहेरून ती दोन डब्यांची एलआरटी रेल्वे जायची, पंखा फिरायचा, आणि माझी नात दुसऱ्या कुणाच्या खापरपणजोबांचं वय मोजत बसायची. दुसऱ्या कुणाच्या कशी म्हणू? तिचेच होते ते. तेच तर खुपत होतं.

इराने भिंतीवर झाड लावलं. तपकिरी कागद चिकटवून चिकटवून केलेलं, मधे ती, एका बाजूला आई, एका बाजूला बाबा. आईची बाजू वर वर चढत एसीच्या वर गेली. खाणकामगार, शिवणकाम करणाऱ्या, एक चर्चची घंटा वाजवणारा, एक नुसताच दारुडा. बाबांची बाजू माझ्या सासूबाईंपाशी येऊन थांबली. रोज सकाळी चहा घेताना मला ते झाड दिसायचं. एका अंगाला वाढलेलं, दुसऱ्या अंगाला कुणी छाटल्यासारखं. आलेगेले लोक बघून म्हणायचे, वा, काय सुंदर. मला त्या कागदाला काडी लावावीशी वाटायची.

मी मागे हटणारी नाही. इराला बसवून आमचं गोत्र सांगितलं, की आमचं कूळ थेट एका ऋषीपासून सुरू होतं. तिने विचारलं, मग त्या ऋषीच्या आणि तुझ्या आजीच्या मधे कोण कोण? मी म्हटलं, आहेत की बरेच. तिने पेन्सिल उचलली. मला एक नाव सांगता येईना.

मग मी सांगलीला माझ्या थोरल्या भावाला फोन केला. दादाला म्हटलं, आपल्या आईच्या आईच्या आईचं नाव काय रे? तो मग म्हणाला, तिला सगळे मोठी आई म्हणायचे. आणि तिच्या जावेला? तिला धाकटी आई. वडिलांच्या बाजूला चौकशी केली तर तिथे एक काकी होती, एक वैनी होती, एक नुसतीच आत्याबाई. माहेरचं नाव लग्नात गेलं, सासरचं नाव कुणी घेतलं नाही, आणि मग पोरांनी जे म्हटलं तेच राहिलं. निखिलला म्हटलं, बाबा, आपल्याकडेही ब्रिटिशांनी शिरगणती केलीच होती ना? मग बघ की आपले कागद. त्याने दोन संध्याकाळी शोधलं आणि येऊन सांगितलं की आपल्याकडे मोजून झालं की घराघराच्या चिठ्ठ्या ठेवत नसत. जिल्ह्यात किती बायका, किती पुरुष, किती विधवा, एवढं मिळेल. म्हणजे माझी मोठी आई आहे त्यात. पण कुठल्या तरी मोठ्या आकड्यातली एक म्हणून. जिलच्या देशाच्या लोकांनी येऊन आमच्या लोकांना मोजलं, आणि स्वतःचे कागद तेवढे जपून ठेवले. हे मी जिलला ऐकवलंसुद्धा, माझ्या मोडक्या इंग्रजीत. तिने मान हलवली आणि म्हणाली की खरं आहे, वाईट आहे. भांडायचीही सोय ठेवली नाही बाईने.

तर तिच्या त्या गोतावळ्यात एक हॅना होती. जिलच्या पणजीची आई. तिच्यापाशी येऊन जिलची गाडी कित्येक वर्षं अडली होती. एका शिरगणतीत हॅनाचा नवरा जोसेफ आपल्या घरात आहे, दगडाच्या खाणीत कामाला, लग्न झालेला म्हणून लिहिलाय, पण घरात बायको नाही. त्याचा भाऊ आहे, आणि एक तरुण बाई, घरकामाला ठेवलेली म्हणून. हॅना सापडली ती फार लांबच्या खेड्यात, बापाच्या घरात. मुलगी, विवाहित. जिलच्या घरात तिच्याविषयी कुजबूज होतीच की ही नवऱ्याला सोडून गेली होती म्हणून, आणि कागदही तेच सांगत होता. जिल म्हणाली, जोसेफने त्या कामवालीला ठेवली असणार. दहा वर्षांनंतरच्या कागदात दोघं पुन्हा एकत्र दिसतात, चार मुलांसह. म्हणजे नंतर समेट झाला. का झाला, कुणी केला, हे तिला उमगत नव्हतं. बोलताना तिचा चेहरा असा व्हायचा जसं काही हॅना शेजारच्या ब्लॉकमध्ये राहते आणि कालच भांडून गेली.

माझी सगळी नोकरी शिधावाटप कार्यालयात गेली. घरातल्या माणसांची यादी मला शिकवू नका. मी चष्मा लावला, पडद्यावर तो कागद पाहिला आणि निकाल दिला की नाव कापलंय. आमच्याकडे लग्न झालं की पोरीचं नाव माहेरच्या कार्डातून कापून सासरच्या कार्डात चढवतात. हिचं सासरच्या कार्डात नाही आणि माहेरच्या कार्डात आहे, म्हणजे सासरच्यांनी हिला घालवून दिली, आणि परत चढवायला दहा वर्षं लावली. अशा कितीतरी पोरी मी खिडकीपलीकडे उभ्या पाहिल्यात. मी हे इतक्या अधिकाराने सांगितलं की जिल लिहूनच घ्यायला लागली.

तेव्हा इरा म्हणाली, “आजी, इट्स नॉट रेशन कार्ड लाह.” पुढचंही इंग्रजीतच: “फक्त त्या एका रात्री त्या घरात कोण झोपलं होतं, तेवढंच लिहितात.”

एक रात्र? मी विचारलं. हो, म्हणे एकच. त्या रात्री जो जिथे झोपला तिथे त्याचं नाव. उद्या परत येणार असला तरी. मी म्हटलं, मग हे आधी सांगायचं नाही का. आणि इराला म्हटलं, तो दहा वर्षांनंतरचा कागद काढ. थोरल्या मुलीचं वय बघ. नऊ. जन्मगाव बघ. हॅनाच्या बापाचं खेडं. बाकी तिघांचं? नवऱ्याचं गाव.

मी खुर्चीला टेकले. मला हसूच आलं. शिकलेल्या मायलेकी आणि एक हुशार पोरगी, आणि एकीच्याही डोक्यात येऊ नये. मी जिलला म्हटलं, “अगं, ती पळून नाही गेली. पोटुशी होती. पहिलं बाळंतपण, माहेरी गेली होती.”

तिला ते नीट समजावून सांगावं लागलं. सातवा लागला की मुलगी आईकडे जाते. पहिल्या वेळेला तरी जातेच. इकडे नवऱ्याच्या खाण्यापिण्याचं कुणीतरी बघायला नको का, म्हणून एखादी बाई ठेवतात. ती जोसेफची कामवाली म्हणजे निव्वळ भाकरी थापणारी. जिलला ते पटेना. म्हणाली, माझ्या आईने मला दवाखान्यात जन्म दिला आणि बाप त्या वेळी दारूच्या गुत्त्यात होता, आमच्यात कोण जातं आईकडे? पण तिने त्याच दिवशी थोरल्या मुलीच्या जन्माचा दाखला मागवला. थोड्या दिवसांनी तो आला. शिरगणती वसंतातली, जन्म उन्हाळ्यातला. गाव आजोळचं. बापाच्या रकान्यात जोसेफ, ठसठशीत. जिल उठली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. डोळे भरले होते तिचे. तिच्या घरातली एक बाई इतकी वर्षं नवरा सोडलेली म्हणून मिरवली, ती एका क्षणात माहेरवाशीण झाली.

आणि मी? मी तिच्या मिठीत उभी होते आणि माझा नुसता जळफळाट चालला होता. हे काय केलं मी? आधीच हिच्या झाडाला फांद्या मावेनात, त्यात मी माझ्या हाताने आणखी एक बाई नेऊन बसवली, तीही अशी की पोरं जिची गोष्ट सांगतील. माझ्या मोठ्या आईला तर गोष्टही नाही. बाळंतपणाला तीही गेली असेल माहेरी, डब्यात डिंकाचे लाडू घेऊन परत आली असेल. कुठल्या माहेरी? तेही ठाऊक नाही.

संध्याकाळी हेलन ऑफिसातून आली. इरा दारातच ओरडली की मम, ग्रॅनने शोधून काढलं, हॅना पळून गेली नव्हती. ग्रॅनने, म्हणजे जिलने. जिल लगेच म्हणाली की नाही, नाही, हे तुझ्या आजीने ओळखलं. न्यायी बाई, तिच्यात खोट काढता येत नाही, म्हणून तर ती जास्त डोक्यात जायची. पण इराचं तोवर लक्ष कुठे होतं. ती आईला हात धरून भिंतीपाशी घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली आणि पासिर रिसला भाचीकडे निघाले. प्राजक्ता आयटीत आहे, कधीची बोलावत होती. मनात होतं की कुणीतरी अडवेल. निखिल म्हणाला, जा की, तुला बदल होईल. इराने टाटा केला. प्राजक्ता दिवसभर कामावर, तिचा नवराही. मी समुद्राकाठच्या बाकावर बसून राहिले. चिनी आजोबा मासे धरायला गळ टाकून बसले होते, लहान पोरं वाळूत खड्डे करत होती, लांबवर मालवाहू जहाजं हलता हलत नव्हती. मी फोन मांडीवर ठेवला होता. आवाज वाढवून. आला तो प्राजक्ताचा, जेवलीस का म्हणून.

दोन दिवसांनी परत आले तर भिंतीवर झाडाशेजारी एक नवा कागद. इराने स्वतःच घराची शिरगणती केली होती. पट्टीने रकाने आखलेले, अक्षर मुद्दाम तिरकं, जुन्या कागदांसारखं. कुटुंबप्रमुख हेलन, कारण घरात शेवटचा शब्द तिचा, असा पोरीचा निर्णय. निखिल, नवरा. इरा, मुलगी. आणि जिल, आई. जन्मगावासकट. कागद तिथे संपला. मी वरून खाली वाचला, मग खालून वर. मग इराला विचारलं, मी कुठे आहे?

“यू वेअर नॉट हिअर दॅट नाइट, आजी,” ती म्हणाली. “रूल्स लाह.”

तिच्या मनात काही नव्हतं. नियम तो नियम. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि स्वयंपाकघरात गेले. खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर वाळलेले कपडे आत ओढून घेत होते, तेवढ्यात जिल आली आणि न विचारता दुसरं टोक धरून घड्या घालायला लागली. तिने पाहिलं असणार माझ्या तोंडाकडे. पुढे जे बोलली ते इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगते. म्हणाली, “ज्या आज्या-पणज्या त्या रात्री घरात होत्या, त्यांच्यावर माझी एकेक दुपार गेली. नाव मिळालं, पुढे गेले. हॅना घरात नव्हती म्हणून मी तिला इतकी वर्षं शोधलं. माझ्या सख्ख्या आईपेक्षा मला ती जास्त माहीत आहे.” आणि चादरीची घडी माझ्या हातात देऊन ती गेली.

किती सुख झालं मला ते ऐकून, काय सांगू. लाज वाटावी इतकं. त्या कागदावर जिल होती, चोख, जन्मगावासकट. तिला कोण कशाला शोधायला जाईल? आणि मी नव्हते. कधीतरी मोठी होऊन इरा तो कागद काढेल आणि तिच्या मनात येईल की त्या जूनमध्ये आजी तर इथेच होती, मग ही गेली कुठे? का गेली? काही भांडण झालं का? शोध म्हणावं. पासिर रिसपर्यंत ये शोधत. त्या रात्री जेवताना मी जिलला आपणहून आमटी वाढली. तिने बोटं चाटून खाल्ली. ती गेली तेव्हा विमानतळावर मी, विधवेने भरू नये म्हणतात तरी, तिची ओटी भरली, तिला काय कळलं असेल देव जाणे, पण पदर नाही म्हणून बाईने शर्टाचं टोक पुढे धरलं.

यंदाच्या फेब्रुवारीत जिल गेली. अचानक, झोपेत, तिच्या त्या थंड गावात. हेलन एकटीच जाऊन आली. मी पुण्यात होते, मला निखिलने फोनवर सांगितलं. मी देवापाशी दिवा लावला आणि खरं म्हणजे मला रडू आलं. मग एप्रिलमध्ये मी इकडे आले, माझी खोली, माझा पलंग. इरा आता तेरा वर्षांची, माझ्याहून उंच, दार लावून बसणारी. पण दर जूनमध्ये तो शिरगणतीचा कागद ती न चुकता करते. मागच्या दोन्ही वर्षांचे भिंतीवर आहेत. दोन्हीत मी आहे. इथे असताना हल्ली मी कुठे राहायला जातच नाही.

परवा संध्याकाळी ती पेन आणि पट्टी घेऊन टेबलाशी बसली. मी समोरच्या खुर्चीत, मांडीवर निवडायची मेथी. हेलनचं नाव लिहिलं, निखिलचं, स्वतःचं. मग माझं. वय विचारलं नाही, जन्मगाव विचारलं नाही, मान वर केली नाही, सर्रकन लिहून टाकलं. आणि मग तिचं पेन थांबलं. तिने मागे वळून त्या लहान खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथे त्या जूनमध्ये जिल उतरली होती.

“ग्रॅनला नाही ना लिहिता येणार?” तिने विचारलं. मराठीत विचारलं.

मी म्हटलं, नाही बाळा. नियम आहे.

ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि तो पहिला कागद शोधून त्याच्यासमोर उभी राहिली. जिलच्या नावावर बोट ठेवून. काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू आलं नाही. मी इथेच होते, चार पावलांवर, मेथीची काडी हातात धरून. माझं नाव लिहून झालं होतं.